मैना माहेरी गेलीय

हसताय? हसा. लाइट गेले की बघू किती दात दिसतात ते. महिपती माझ्याच दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. थापा मारणं त्याच्या रक्तात नव्हतं.

दोन हजार चार साल, वसुबारसेची रात्र. कसबा पेठेतून रंगरावांचा फोन आला, कॉम्प्युटरवर टीव्ही लागत नाही, नुसत्या मुंग्या दिसतात. माणूस एकटा. बायको मैना दोन वर्षं माहेरी. कुणी विचारलं की म्हणायचे, "येईल की! तुम्हाला कसली घाई?"

महिपती गेला, कॉम्प्युटरचा डबा उघडला. टीव्हीचं कार्ड उपसलं, त्याचे खाचेत बसणारे पाय खोडरबरानं घासले, परत बसवलं. तरी मुंग्याच. मग केबलमध्येच खोट असेल म्हणून त्यानं वायर उपटली... आणि चित्र आलं.

वायर हातात, बरं का!

चित्रात तीच खोली. दारात बाई, काखेत पिशवी, हातात हिरव्या बांगड्या. म्हणाली, "जाते मी."

आपल्यात कुणी असं म्हणतं का रे? 'येते' म्हणतात. ती 'जाते' म्हणाली.

मागून रंगराव आले. चित्रातले. हातात खलबत्त्यातला बत्ता. पहिला घाव कानशिलावर. ती पडली. तिनं हात आडवा घातला. बांगड्या फुटल्या, हाड मोडलं. मग तोंडावर. परत. परत... भिंत लाल झाली तरी हा मेला थांबेना.

"बंद कर ते."

हा आवाज पाठीमागून आला. खऱ्या रंगरावांचा. हातात तोच बत्ता.

महिपती वळला म्हणून डोकं वाचलं, खांदा फुटला. रंगरावांनी पुन्हा हात उगारला... आणि स्पीकरमधून ती बोलली.

"आले."

लाइट गेले.

महिपती रांगत दाराकडे निघाला. मागे घाव. मग आणखी घाव. रंगराव ओरडत होते...

मग नव्हते.

पोलिसांबरोबर पंच म्हणून मीही आत गेलो. रंगरावांना चेहरा उरला नव्हता. महिपतीनं चित्रात पाहिलेलं सांगितलं म्हणून घर धुंडाळलं; मोरीची फरशी वेगळी दिसली, ती उकरली. मैना तिथंच होती, बिचारी. कसलं माहेर!

बत्ता स्वयंपाकघरात सापडला. स्वच्छ धुतलेला, खलात उभा. त्याच्या दांड्याला गच्च बसलेली एक हिरवी काचेची बांगडी. अख्खी.

बत्त्याची दोन्ही टोकं दांड्यापेक्षा जाड असतात, पोरांनो. मी ओढून पाहिली... इकडून निघेना, तिकडूनही निघेना.