हलकी झोप

मगदूम काकूंचं म्हणणं साधं होतं. झोपलेलं यंत्र बॅटरी खात नाही. खात असेल, तर ते झोपलेलं नाही.

मिरजेत तीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त केलेली बाई, तिला कोण शिकवणार! आता दुकानामागच्या खोलीत निद्रापेटी होती आणि पेटीत त्यांचे यजमान, गणिताचे मास्तर दिनकरराव. असाध्य आजाराच्या माणसाचं शरीर थंड करून औषध निघेपर्यंत त्याला झोपवून ठेवायचं, हे पेटीचं काम. एव्हाना ती फ्रिजइतकी सवयीची झाली होती. मास्तरांचं औषध यायला अजून दोन वर्षं होती. आधी उठवलं, तर महिन्याभरात खेळ खलास.

एके दिवशी वीज गेली आणि बारा तास पुरणारी बॅटरी तीन तासांत संपत आली. कंपनीच्या माणसाने नवी बसवली, तीही तशीच. पडद्यावर 'निद्रिस्त' लिहिलंय ना, मग काळजी कसली, असं तो म्हणाला. काकूंचं डोकंच फिरलं. गिऱ्हाईकंही असंच म्हणायची. झाकण मिटलेलं, पडदा काळा, आणि बॅगेतला लॅपटॉप मात्र तापलेला.

नशीब, पेटीची प्रणाली मुक्त होती, म्हणजे तिचा प्रोग्रॅम कुणीही उघडून वाचावा, बदलावा. काकू चार दिवस नोंदी चाळत बसल्या. पंप, पंखा, तापमापक, एकेकाचा वीजखर्च तपासला. सगळे निर्दोष. वीज जात होती ती मेंदूकडच्या तारेत. पाचव्या दिवशी त्यांनी कंपनीच्या निद्राशास्त्रज्ञ डॉ. तन्मयी हेरवाडकरला घरी बोलावलं, आणि ती आढेवेढे घ्यायला लागताच सरळ दाराला कडी घातली.

मग तन्मयीने सांगितलं. गाढ झोपेत मेंदूची लय नोंदवून मेंदू थांबवतात, उठवताना ती लय परत देतात. पण तिसांतला एक उठतच नाही. तक्रारी आल्या, म्हणून पेट्या आता हलक्या झोपेवर लावून येतात. तीत शरीर निश्चल आणि मेंदू चालू.

"चालू म्हणजे?"

"ऐकू येतं, काकू. आम्हाला वाटलं होतं, स्वप्नासारखं असेल."

मास्तरांना पेटीत ठेवून सात महिने झाले होते. सात महिने! काकूंनी पदराने डोळे पुसले. रडायला उभा जन्म पडलाय, म्हणाल्या, आधी त्यांनाच विचारू. मेंदूची रेघ पडद्यावर आणायला त्यांना दहा मिनिटं लागली.

"अहो, ऐका. गाढ झोप लावता येईल. मग काही कळणार नाही, पण कदाचित उठणारच नाही तुम्ही. नको असेल, तर मनात एकोणतीसचा पाढा म्हणा."

रेघ सपाट होती. मग उसळली. मोजून दहा वेळा.

तन्मयीला नवल वाटलं. काकूंना नाही वाटलं. रोज चार वाजता चहा घेऊन त्या पेटीशी बसायच्या, दिवसभराचं सगळं सांगायच्या. तेवढ्यावर हा माणूस तग धरून होता.

आणि मग त्यांना श्रावण आठवला. लेकीच्या बाळंतपणाला त्या सव्वा महिना नाशिकला होत्या. झोपलेल्या माणसाला काय कळतंय म्हणून जाताना काही सांगितलं नव्हतं. खोलीला कुलूप घातलं होतं.

गावात अशा आणखी चाळीस पेट्या होत्या. उद्यापासून एकेका घरी जायचं, हे त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. पण आधी स्टूल पेटीजवळ ओढलं.

"अहो, मी नव्हते तेव्हा काय करत होतात?"

रेघ दहा वेळा उसळली. थांबली. पुन्हा दहा वेळा. तन्मयीने करून आणलेला चहा निवून गेला, तरी मास्तरांचे पाढे संपले नव्हते.