ख संपेपर्यंत

पहिल्याच भेटीत मी वरद सामंतला झाडलं. फणसवाडीतल्या वाचनालयात मी ग्रंथपाल, आणि हा माणूस खुशाल शब्दकोशावर चहाचा ग्लास ठेवून बसलेला! पाच मिनिटं माझं तोंड थांबलं नाही. त्याने शांतपणे ग्लास उचलला, खिशातून कोरं कार्ड काढलं आणि लिहायला घेतलं.

"तक्रार लिहिताय?"

"नाही हो. 'खरडपट्टी'ला उदाहरण मिळालं."

एका नव्या कोशासाठी तो शब्दांची मुळं शोधत होता. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक अक्षर, त्याच्याकडे ख. कार्डावर शब्द, अर्थ, मूळ आणि बोलण्यातलं उदाहरण, बोलणाऱ्याच्या नाव-गावासकट. खरडपट्टी म्हणजे कडक शब्दांत केलेली कान‌उघाडणी. त्यातलं खरडणं भांडं खरवडण्यासारखंच, असं तो म्हणाला. पट्टी कुठून आली ते मात्र त्याला नक्की सांगता येईना.

मग तो रोज संध्याकाळी यायला लागला. कधी पुस्तकाचं पान दुमडायचा, कधी पंखा चालू ठेवून जायचा. मी बोलायचे... तो गालात हसत ऐकायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही. एखाद्या दिवशी तो आला नाही की मला करमायचं नाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी तो म्हणाला, ख संपला, सोमवारपासून ऑफिसातच बसायचंय. तो चहा आणायला खाली गेला, तेव्हा मी त्याची कार्डांची पेटी उघडली.

खरडपट्टी. पुन्हा खरडपट्टी. चाळीसेक कार्डं, प्रत्येकावर माझं वाक्य आणि खाली 'अनुजा परब, लालबाग'. मला रडूच आलं. त्याच्या लेखी मी एवढीच होते तर.

तो परतला. "मी इतकी कजाग वाटते तुला?" मी विचारलं.

त्याने ग्लास कोशापासून लांब, खिडकीत ठेवला.

"एका शब्दाला एकच उदाहरण लागतं, अनुजा."

"मग बाकीची?"

"ख तर गणपतीआधीच संपला होता. ऑफिसातले बाकीचे आपापली अक्षरं संपवून ट वर पोचलेत, माझं पुढचं तसंच पडलंय. साहेब रोज माझी काढतात... पण मला तुझं बोलणं ऐकायचं होतं – आयुष्यभर ऐकायचंय."

मी डोळे पुसले.

"आता कुठलं अक्षर?"

"ग."

"तेही इथेच कर. आणि घाई केलीस तर माझ्याशी गाठ आहे."

सवयीने त्याचा हात खिशातल्या कार्डाकडे गेला. मी तो धरला.

"हे लिहायचं नाही."