समासातले वळ

बंदवाचक यंत्रात पुस्तक उघडावं लागत नसे. मिटलेलंच आत सरकवलं की किरण पानांतून आरपार जात, छापील शाई तेवढी टिपून घेत आणि चार सेकंदांत पुस्तक पलीकडच्या पोत्यात पडे. पोती लगदा करायला जात. तालुक्याच्या वाचनालयातून पहिली गाडी कालच गेली होती. दुसरी दारात उभी होती. ग्रंथपाल सुलभा कानडे यांची सही तेवढी बाकी होती.

तेवढ्यात टाकेवाडीच्या सरपंच ठमाताई बांडे आल्या. "बाई, वरच्या माळावर चाळीस घरं बांधायची हायेत. आज पाया खणतील. जमीन धड हाय का, तेवढं यंत्राला इचारा."

यंत्रावरचे अधिकारी शिरसाट यांनी विचारलं. उत्तर लगेच आलं. परिसराच्या वर्णनाच्या एका जुन्या पुस्तकात माळाची नोंद होती. धोक्याचा उल्लेख नव्हता.

"झालं की काम," शिरसाट म्हणाले.

कानडेबाईंचं मन मात्र मानेना. त्या पुस्तकाच्या समासात कुणीतरी बारीक अक्षरात काही लिहिलं होतं. काय, ते आठवेना. ते आपणच पुसलं, एवढं पक्कं आठवत होतं. तीस वर्षं त्या परत आलेलं प्रत्येक पुस्तक चाळून वाचकांवर डाफरत आल्या होत्या आणि पेन्सिलीच्या खुणा खोडरबरानं घालवत आल्या होत्या. त्याचा केवढा अभिमान होता त्यांना!

त्यांनी पोतं उपडं केलं आणि ते पुस्तक शोधून काढलं.

"बाई, गाडी खोळंबलीय," शिरसाट वैतागले. "यंत्र पेन्सिलीला मळ समजतं. पुसलेलं तर सोडाच."

"मीही मळच समजत होते. खिडक्या लावा."

खिडक्या लावून खोलीत अंधार झाल्यावर त्यांनी विजेरी पानाला आडवी टेकवली. शिसं गेलं होतं, पण दाबून लिहिल्याचे वळ कागदावर उरले होते. ठमाताईही शेजारी वाकल्या. दोघींनी एकेक अक्षर जुळवलं: 'माळ आतून पोकळ आहे. श्रावणात तीन घरे खचून गेली. शाळामास्तर, टाकेवाडी.'

ठमाताईंनी तिथूनच फोन लावला. "खणू नगा! मी येईस्तोवर कुदळ लावू नगा!"

शिरसाट म्हणाले, "यंत्राला पेन्सिल वाचायला शिकवता येईल."

"शिकवा. तोवर गाडी रिकामी परत पाठवा. राहिलेलं एकेक पुस्तक मी उघडून बघणार आहे."

"सात हजार आहेत, बाई!"

"असू देत."

सही न करता त्यांनी कागद बाजूला सारला आणि पहिलं पुस्तक विजेरीखाली धरलं. पण हात थांबला. कालच्या गाडीतून गेलेल्या पुस्तकांत कोण काय सांगून गेलं होतं, आणि ते आता कुणाला विचारायचं?