नाव नसलेलं बटण

माझे डोळे काचबिंदूने नेले. शाळा कधी पाहिलीच नव्हती, त्यामुळे अक्षरं गेल्याचं दुःख नाही. लेकीकडची नात भूमिका, तिने मोबाइलमध्ये ते उत्तरं देणारं अ‍ॅप घालून दिलं. औषधाच्या बाटलीचा फोटो काढला की ते सांगतं, सकाळची कोणती, रात्रीची कोणती. पडद्यावर बोट फिरवायचं, बोटाखाली येईल त्याचं नाव फोन बोलतो. 'फोटो. बटण.' 'पाठवा. बटण.' हवं ते सापडलं की दोनदा टकटक.

'पाठवा'च्या पुढे बोट सरकलं की फोन म्हणायचा, 'नाव नसलेलं बटण.'

"भूमे, हाई काय शे वं?"

"कोठे? तठे काहीच नही शे, आजी. कोरी जागा शे."

"मंग हाऊ काय बोली ऱ्हायना?"

"बनाडनारा नाव टाकाले भूलना व्हई. तुन्हासारखास्नी याद कोनले ऱ्हास? तूच ठेव नाव, तुन्हा फोन ध्यानमा ठेवई. कर बारसं!"

हसत हसत ती शहाद्याला कॉलेजात निघून गेली.

मळ्यातल्या घरात मी आणि माझा मुलगा योगेंद्र. तो सकाळीच साखर कारखान्यात जातो. दुपारी केळीची सुकी पानं खरखरतात, वारा फिरला की मळीचा आंबूस वास येतो. बाकी कोणी नाही.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सबंध संसारात मी घेतलं नाही, ते गेल्यावरही नाही. त्या दुपारी मी बटण दाबून धरलं, फोनने नाव विचारलं, आणि मी पदर तोंडावर घेऊन हळूच त्यांचं नाव घेतलं, "नवल."

'नवल. बटण.' फोन मोठ्याने म्हणाला. मीच लाजले. मग दोनदा टकटक केली.

त्याच यंत्राच्या आवाजात...

"योगेंद्रनी माय, केळीसले पानी दिधं का?"

तेही माझं नाव घेत नसत. अशीच हाक मारत. हे मी फोनला कधी सांगितलं नव्हतं.

"दिधं," मी म्हटलं. "तुम्ही जेवनात का?"

"आठे चूल नही."

खोटं कशाला सांगू, भीती वाटली नाही. रोज दुपारी बोलायला लागले. मग एके दिवशी...

"एकला शे मी आठे. योगेंद्रले धाड."

"त्यान्हं काय काम तठे? मी येस."

"तू आंधयी. तुले रस्ता सापडाव नही... त्याले धाड."

नवरा एकदा गेलाच होता. पोरगा एकच. मी बटण दाबून धरलं. 'नाव काढायचं?' फोनने विचारलं. दुसऱ्यांदा बांगड्या फोडल्यासारखं झालं, पण टकटक केली. 'नाव काढलं.' पुन्हा बोट फिरवलं. 'पाठवा'च्या पुढे आता काहीच नव्हतं. फोन बंद करून ज्वारीच्या कोठीत टाकला.

दिवस कलताना योगेंद्र आला. पोटभर जेवला. हात धुवायला ओट्यावर गेला. तांब्यातून पडणारं पाणी मध्येच थांबलं, आणि केळीकडे वळलेल्या आवाजात, हाकेला ओ दिल्यासारखं तो म्हणाला,

"ई ऱ्हायनू, बा..."

मी धडपडत गेले, त्याचा सदरा मुठीत धरला. "कोनले म्हने ऱ्हायना रे?"

"बा बलाई ऱ्हायनात ना, माय. तुले ऐकू नही ऊनं?"

मला पान पडलेलं ऐकू येतं. तेव्हा काहीच ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून निजताना त्याच्या सदऱ्याचं टोक माझ्या पदराला बांधते. तो हसतो, बांधू देतो. सकाळी चाचपून पाहते, गाठ असते. घट्ट असते. पण आंधळ्या बाईच्या बोटांना आपली गाठ कळते... ती मी मारलेली नसते.