चुकीच्या ओळीवरची सही

डॉक्टरांचं पत्र येऊन सात महिने झाले होते आणि मी उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र जेमतेम चार ओळींचं. 'जूनअखेर निवृत्त होते आहे. पुढं कुठं राहायचं ते ठरवलेलं नाही. तुमच्या गावात माणसाला झोप कशी लागते? आणि त्या दिवशी मला उठवलं का नाहीत?'

दोनच तर प्रश्न. पण मी चाळीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांची मुद्रितं तपासली. स्वतःचं एक वाक्य लिहिलं की लगेच त्यात काहीतरी खटकतं. खोडावंसं वाटतं.

आमची ओळख झाली ती उंटाच्या लग्नात. उंट म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. मान लांब, म्हणून उंट. पहिली बायको जाऊन नऊ वर्षं झाल्यावर त्यानं पुन्हा लग्न ठरवलं, तो राहतो तिकडे, परदेशात. फोनवर म्हणाला, "कासवा, साक्षीदार तूच. आला नाहीस तर मी बोहल्यावर चढणार नाही."

मी एकोणीस तासांचा प्रवास करून पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला टक्क जागा. हॉटेलच्या न्याहारीच्या खोलीत एकच दिवा लागलेला. बाहेर बारीक पाऊस. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक बाई अंगावर कोट घेऊन गरम पाणी पीत बसल्या होत्या. केस पांढरे, डोळे मात्र... असो. मी लांबच्या खुर्चीवर बसून पुस्तक उघडलं.

"उलटं धरलंय तुम्ही," त्या मराठीत म्हणाल्या.

मी दचकलो. "छापखान्यात होतो. उलटंही वाचता येतं मला."

"मग तुम्ही वराकडचे साक्षीदार. कासव." त्या हसल्या. "मी वधूकडची. भूल देणारी डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांना झोपवतेय आणि काल रात्रीपासून माझ्याच डोळ्याला डोळा नाही."

त्या आल्या होत्या पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडून. हिशेब लावला तर माझ्या शरीरात सकाळचे साडेदहा वाजले होते, त्यांच्या शरीरात अजून आदल्या दिवशीचे रात्रीचे नऊ.

"म्हणजे तुम्ही माझ्या उद्यातून बोलताय," त्या म्हणाल्या. "कसा आहे उद्या?"

"झोप येईल असा," मी म्हणालो. एवढं पटकन मला कधी सुचत नाही.

लग्न दुपारी चारला, नोंदणी कार्यालयात. चार म्हणजे माझे रात्रीचे साडेनऊ. दहाव्या मिनिटाला माझी मान कलायला लागली. शेजारी डॉक्टर बसल्या होत्या. दोनदा त्यांनी कोपरानं ढोसलं. तिसऱ्यांदा ढोसलं नाही. जाग आली तेव्हा माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि त्यांची दोन बोटं माझ्या मनगटावर.

"माफ करा... मी..."

"हलू नका. नाडी छान चाललीये," त्या कुजबुजल्या. "झोपवणं सोपं असतं हो. माणूस जागा होईपर्यंत शेजारी बसून राहायचं, हे खरं काम."

असं माझ्या शेजारी कोणी कधी बसलं नव्हतं. मी चष्मा काढून पुसला.

तेवढ्यात अधिकारी बाईंनी कागद पुढं सरकवला. उंट खिसे चाचपत होता. "चष्मा सापडेना. कासवा, तू कर आधी सही." मी उठलो, अर्धवट झोपेत पहिल्या मोकळ्या ओळीवर सही केली. डॉक्टरांनी खालच्या ओळीवर केली. अधिकारी बाईंनी कागद वाचला, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि उभं राहून आमचंच अभिनंदन केलं.

मी सही केली होती वराच्या जागी. डॉक्टरांनी वधूच्या.

"अरे, लग्न माझं आहे!" उंट ओरडला. सगळी खोली हसत सुटली. नवी वहिनी तर डोळे पुसत होती.

"मी कशाला वाचू?" डॉक्टर म्हणाल्या. "म्हटलं, प्रूफं तपासणारा माणूस आहे, बघूनच केली असेल."

अधिकारी बाईंनी कागदावर दोन रेघा मारून नवा कागद काढला. डॉक्टर त्या रेघांकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मोडलं म्हणायचं का हो आपलं?"

"चूकच होती ती," मी घाईघाईनं म्हणालो. "दुरुस्त व्हायलाच हवी होती."

"हो... चूकच." त्यांनी पर्स उघडली, उगाच आत काहीतरी शोधलं आणि मिटली. काय बोलून बसलो ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी नेहमीच एक दिवस उशिरा.

पुढचे दोन दिवस पहाटे पाचला आम्ही त्याच खोलीत बसलो. त्यांनी ऑपरेशनच्या टेबलावर लोक गुंगीत काय काय बोलतात ते सांगितलं. मी लेखकांच्या गमती सांगितल्या. फोनवर मला बोलता येत नाही हेही सांगितलं. "मग पत्र लिहीन," त्या म्हणाल्या. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "उद्या जाताना मला उठवा. झोपलेली असले तरी."

सकाळी दहाला मी बॅग घेऊन त्यांच्या दाराशी गेलो. आतून घोरण्याचा बारीक आवाज येत होता. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना झोप लागली होती. मी हात वर केला... आणि खाली घेतला. त्यांची झोप मोडू नये, हे खरंच. पण दार उघडलं असतं तर काय बोललो असतो, याचीच भीती जास्त होती.

मग ते पत्र आलं.

जूनच्या विसाव्या तारखेला उंटाचा फोन आला. "उत्तर दिलंस का तिला?"

"मसुदा चाललाय."

"सात महिने? ज्ञानकोश लिहितोयस का रे?"

मागून वहिनींनी फोन ओढून घेतला. "भाऊजी, ती महिनाअखेर घर सोडून भाचीकडे राहायला जातेय. कायमची."

"त्या... काही म्हणाल्या का?"

"आधी दर आठवड्याला विचारायची, तुमच्या भाऊजींचं काही कळलं का म्हणून. आता विचारत नाही."

फोन ठेवला तेव्हा टपालपेटी उघडायला पाऊण तास होता. मी टेबलाशी बसलो. मसुद्यांचा गठ्ठा बाजूला सारला आणि कोरा कागद घेतला.

'डॉक्टर, इथं झोप चांगली लागते. मला मात्र लागत नाही. त्या दिवशी तुमच्या दाराशी दहा मिनिटं उभा होतो. उठवलं नाही, कारण भ्यालो. सहीला चूक म्हणालो, ते मनापासून नव्हतं. माझं घर दोन खोल्यांचं आहे, पुस्तकं फार आहेत, पण खिडकीशी दुसरी खुर्ची मावते. भाचीकडे जाऊ नका. इकडे या. किंवा मला बोलवा, मी येतो.'

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर संपलंच. कोपऱ्यावर पोहोचलो तेव्हा पोस्टमन पेटी रिकामी करून थैलीचं तोंड बांधत होता.

"अहो, थांबा... एक राहिलंय."

त्यानं हात पुढं केला. पत्राचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. तो ओढत होता.

"परदेशचं आहे होय? आठवड्यात पोहोचेल, आजोबा," तो म्हणाला. "पण सोडा तरी!"

सोडलं.