मार्लो बेटावरची खेप

ही गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. ऐकीव नाही. माझा नवरा रॉइस आजही हा विषय निघाला की उठून बाहेर जातो. त्यामुळे सांगायचं ते मलाच सांगावं लागणार.

तारीख २२ ऑक्टोबर २०११. शनिवार. वेळ भर दुपारची. जागा चेसापीकची खाडी, क्रिसफिल्डच्या धक्क्यापासून अकरा मैल आत.

बोटीवर आम्ही तिघं. मी, रॉइस आणि माझे सासरे एलवुड पार्क्स. आम्ही सगळे त्यांना पॉप म्हणायचो. वय ब्याऐंशी. पन्नास वर्षं याच खाडीत खेकडे पकडलेला माणूस.

रॉइसने निवृत्त झाल्यावर एक जुनी शिडाची बोट घेतली होती. सत्तावीस फुटी, आत छोटीशी केबिन, निळ्या गाद्या. निव्वळ मौजेसाठी. पॉपना ते काही केल्या पटायचं नाही.

"ना जाळं, ना पिंजरा," ते धक्क्यावरच सुरू झाले. "बोटीत बसायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं. याला काय म्हणतात?"

"सहल म्हणतात, पॉप," रॉइस म्हणाला.

"माझ्या बोटीला खेकड्यांचा वास यायचा. तुझ्या बोटीला साबणाचा येतो."

"मग नका येऊ."

"येतो ना. तू ही कुठे रुतवतोस ते बघायचंय मला."

आम्ही हसलो. तेव्हा हसलो.

दीडपर्यंत सगळं छान होतं. ऊन होतं, मंद वारा होता. हॅमचे सँडविच खाऊन झाले होते. मी थरांच्या केकचे तुकडे कापत होते.

आणि वारा पडला.

एकदम. कोणीतरी दार लावावं तसा.

मग दक्षिणेकडून धुकं आलं. दहा मिनिटांत मला बोटीचं पुढचं टोक दिसेना. रॉइसने शीड उतरवलं, इंजिन लावलं आणि अगदी हळू निघालो. खोली दाखवणारं यंत्र सात फूट सांगत होतं. सात... सात... सात...

आणि धप्प.

माझ्या हातातली सुरी उडाली. बोट जागच्या जागी थांबली.

रॉइसने इंजिन उलटं फिरवलं. नुसता धूर. बोट तसूभरही हलली नाही. पॉप काहीतरी टोमणा मारतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. ते मान वाकडी करून काहीतरी ऐकत होते.

रॉइसने वायरलेसवर धक्क्याला कळवलं. तिथल्या माणसाने सांगितलं, या धुक्यात कोणी येऊ शकणार नाही. तीनला ओहोटी संपेल, पाचपर्यंत पाणी चढेल, तुम्ही आपोआप तरंगाल. बसून राहा.

"झालं," रॉइस म्हणाला. "दोन-तीन तास पत्ते खेळू."

तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली...

आवाजच नव्हता.

बोटीच्या अंगावर पाणी चुळचुळतं ना, तो आवाज बंद झाला होता. सीगल ओरडत नव्हते. इतकी शांतता मी खाडीत कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत... घंटा वाजली.

एक ठोका. मग थांबून दुसरा.

"चला, घंटेचा तरंगता बोया आहे जवळ," रॉइसला हायसं वाटलं. "म्हणजे आपण वाटेपासून लांब नाही."

"तो बोया नाही," पॉप म्हणाले.

"मग काय आहे?"

"बोया लाटेवर हेलकावतो. वेडावाकडा वाजतो. आणि आत्ता लाट कुठंय? हा ठोका मोजून पडतोय, रॉइस. कोणीतरी दोर ओढतंय."

त्यांनी रॉइसला नकाशावर आपली जागा दाखवायला सांगितली. पडद्यावर सगळीकडे निळं पाणी होतं. पॉपनी त्यावर बोट ठेवलं.

"मार्लो," ते म्हणाले.

मार्लो बेट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पॉपचा जन्म तिथला. तीस-एक घरं, एक चर्च. खाडी दरवर्षी किनारा खात गेली. शेवटी लोकांनी घरं मोडून लाकडं पडावावर, म्हणजे मोठ्या मालवाहू होडीवर, चढवली आणि क्रिसफिल्डला आणली. ते १९३७ साल. पॉप आठ वर्षांचे होते. आता बेटाच्या जागी भरतीला चार फूट पाणी असतं. ओहोटीलासुद्धा जमीन उघडी पडत नाही.

"धुकं पडलं की चर्चची घंटा वाजवायचे," पॉप म्हणाले. "होड्यांना घर सापडावं म्हणून."

बोट हळूहळू एका अंगावर कलत होती. आम्ही सगळे एका बाजूला घसरून बसलो होतो.

रॉइस उठला. म्हणाला, पाणी किती उरलंय बघतो. त्याने लांब आकडीची काठी बाहेर खाली सोडली.

टक्.

चिखलात काठी रुतायला हवी होती. ती रुतली नाही. त्याने वर ओढली तर टोकाला गवत अडकलेलं. कोरडं गवत.

"पाणीच नाहीये," रॉइस म्हणाला. "खाली सरळ जमीन आहे. मी उतरतो आणि नांगर लांब नेऊन रोवतो, मग दोराने बोट ओढून..."

त्याचा एक पाय बाहेर गेलाही होता. पॉपनी त्याची कॉलर धरून त्याला असा मागे ओढला की दोघंही पडले.

"उतरायचं नाही! ऐकतोयस? तिथं जमीन नाहीये!"

"पॉप, मी आत्ता काठीने..."

"मी सांगतोय, तिथं जमीन नाहीये!"

आम्ही केबिनमध्ये आलो. पॉपनी वरचं झाकण ओढून कडी लावली. आत जेमतेम तिघं मावत होतो. तिरक्या बोटीत नीट बसताही येत नव्हतं. काचेबाहेर नुसतं पांढरं.

मग वास यायला लागला. लाकडाच्या चुलीचा. आणि त्यात मिसळलेला पिकलेल्या अंजिरांचा.

चार वाजले.

पाच वाजले.

बोट तशीच कललेली.

रॉइसने पुन्हा वायरलेस लावला. धक्क्यावरचा माणूस म्हणाला, "अजून तिथेच? इथे तर पाणी पायऱ्यांना लागलंय! भरती केव्हाची चढतेय."

रॉइसने माझ्याकडे बघितलं. सगळ्या खाडीत पाणी चढलं होतं. आमच्याखाली सोडून.

त्यानंतर वायरलेसवर नुसती खरखर.

मला श्वास घेता येईना. मी म्हणाले, झाकण उघडा, मला हवा पाहिजे. रॉइसने कडी काढून झाकण ढकललं. ते सरकेना. त्याने खांदा लावला, दोन्ही पाय रोवले. बाहेरून कोणी बसलं असावं तसं ते घट्ट.

आणि मग पावलं वाजली...

वर नाही. बाहेर, बोटीच्या बाजूने, जमिनीवरून. हलकी. लहान. मागून पुढे गेली. पुढून वळून दुसऱ्या बाजूने आली.

माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर बोटीच्या अंगावर कोणीतरी टकटक केलं.

"वुडी..."

लहान मुलीचा आवाज होता.

पॉपना वुडी म्हणणारं कोणीही आता जिवंत नव्हतं. मी स्वतः त्या दिवशी ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

"वुडी, खेप आली का?"

पॉपनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा दणकट माणूस, मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"कोण आहे, पॉप?" रॉइसने अगदी हळू विचारलं.

"ओपल."

त्यांनी तुटक तुटक सांगितलं. धाकटी बहीण. पाच वर्षांची. ऑगस्टमध्ये तापाने गेली. चर्चमागे, अंजिराच्या झाडाखाली तिला पुरलं. नोव्हेंबरमध्ये बेट सोडायचं ठरलं. आई तिला टाकून पडावावर चढेना. तेव्हा वडील म्हणाले, पुढच्या खेपेला तिला नेऊ.

"आणि मी पळत गेलो," पॉप म्हणाले. "तिच्याजवळ. म्हटलं, ओपी, रडू नकोस, इथेच थांब. पुढच्या खेपेला तुला न्यायला येतो."

"मग?"

"पुढची खेपच झाली नाही. वादळ आलं. मग वडील म्हणाले, वसंतात जाऊ. मग... कोणी विषयच काढला नाही. मीसुद्धा. पन्नास वर्षं या उथळ पट्टीला वळसा घालून बोट नेली मी."

टकटक. आता दुसऱ्या बाजूला.

"वुडी, मी थांबलेय."

रॉइसने मला मिठी मारली होती, की मी त्याला, मला आठवत नाही. बोट अजून कलली. कपाटातले कप एकेक करून खाली पडले. मला वाटलं, ही आता पूर्ण आडवी होणार आणि आम्ही असेच आत राहणार. किती दिवस? ती तर चौऱ्याहत्तर वर्षं राहिली होती.

"पॉप, तिला काहीतरी सांगा!" मी ओरडले. "येतो म्हणून सांगा!"

"ते एकदा सांगून झालंय, लोरेन."

ते सरकत सरकत त्या बाजूला गेले. जिथे टकटक झाली होती तिथे त्यांनी तळवा टेकवला. आणि लहान मुलीशी बोलतात तसं बोलले.

"ओपी, मी आहे. मला उशीर झाला. बाबांचं जाऊ दे, मीच आलो नाही. आज माझ्याकडे फावडं नाही, काही नाही. या पोरांना सोड. तू नेमकी कुठे आहेस ते मला दाखव. पाणी उतरलं की त्याच दिवशी येतो."

बाहेर काही नाही.

बराच वेळ काही नाही.

मग वर, आमच्या डोक्यावर, काहीतरी ठेवल्याचा आवाज. टिक्. टिक्. टिक्. एकामागून एक. सावकाश.

आणि एकदम बोट सरळ झाली. अशी की आम्ही तिघं एकमेकांवर आदळलो. खाली पाणी चुळचुळायला लागलं.

रॉइसने झाकणाला हात लावला. ते सहज सरकलं.

धुकं विरळ झालं होतं. चहूकडे पाणीच पाणी. आणि बोटीच्या फळ्यांवर कालवांचे पांढरे शिंपले मांडलेले होते. लांबट चौकोन. आमच्याकडे जुन्या थडग्यांभोवती मांडतात तसा.

जेमतेम साडेतीन फूट लांब.

"दाखवलंन," पॉप म्हणाले. "रॉइस, ही जागा यंत्रात टिपून ठेव."

जानेवारीत तीन दिवस वायव्येचा वारा सुटला. तसा वारा सुटला की खाडीचं पाणी समुद्राकडे ढकललं जातं. चौथ्या दिवशी सकाळी पाणी इतकं उतरलं की मार्लोची पट्टी उघडी पडली. असं वीस-पंचवीस वर्षांत एकदा होतं. आम्ही ओळखीच्या एकाची खेकड्यांची बोट घेऊन गेलो. बरोबर आमचे पाद्री होते. थडगं हलवायच्या परवानगीची कागदपत्रं त्यांनीच करून ठेवली होती.

टिपलेल्या जागेवर अंजिराची कुजलेली मुळी होती. भोवती शिंपले, अर्धे चिखलात.

पॉपनी स्वतः खणलं. कोणाला फावड्याला हात लावू दिला नाही. काय सापडलं ते मी लिहिणार नाही. एका लहान खोक्यात मावलं.

क्रिसफिल्डच्या चर्चमागे, त्यांच्या आईच्या शेजारी ओपलला ठेवलं. परतताना पॉप रॉइसला म्हणाले, "तुझी ती साबणाची बोट अगदीच वाया नाही गेली." सगळे हसलो. मला वाटलं, संपलं.

एप्रिलमध्ये रॉइस धक्क्यावर बोट धुत होता. मी आणि पॉप बाकावर बसलो होतो. एक जोडपं आपली बोट लावायला आलं. अॅनापोलिसचे, सुट्टीवर आलेले. बाई पांढरीफटक पडली होती.

तिने आम्हालाच विचारलं, "त्या बाजूला कोणी राहतं का?"

धुक्यात ते चार तास रुतले होते.

"बोटीवर वाजवत होते," ती म्हणाली. "सगळ्या बाजूंनी. पुढून, मागून, खालून."

"किती जण?" पॉपनी विचारलं.

"मोजता नाही आले. म्हातारे होते, बायका होत्या. सगळे एकच विचारत होते."

"काय?"

"आता आमचा नंबर का, म्हणून."

ते जोडपं गेल्यावर पॉप म्हणाले, "त्या चर्चमागे बेचाळीस थडगी होती, लोरेन."

"पॉप..."

"इतकी वर्षं ते गप्प पडून होते. कोणी येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. आपण येऊन दाखवलं."

दोन वर्षांनी पॉप गेले. शेवटच्या आठवड्यात ते मला नावं सांगत होते आणि मी वहीत लिहून घेत होते. सव्वीस आठवली. त्यांतल्या कोणाचीही माणसं आता क्रिसफिल्डमध्ये नाहीत. मी चौकशी केली आहे. आणि पाणी तेवढं पुन्हा कधी उतरलं नाही.

रॉइसने बोट विकली नाही. कोणाला विकायची हिंमत होईना. ती अंगणात ताडपत्रीखाली आहे.

मार्लोची पट्टी आमच्या धक्क्यापासून अकरा मैलांवर आहे, हे मी वर लिहिलंच आहे.

गेल्या महिन्यात धुक्यात एका बोटीला टकटक ऐकू आली. त्यांनी वायरलेसवर जागा सांगितली, तेव्हा मी धक्क्याच्या ऑफिसातच होते.

ती बोट धक्क्यापासून चार मैलांवर होती.