बाहेरची व्यक्ती

करंजपुरात आया आपल्या मुलांशी वाऱ्याची दिशा बघून बोलत. वारा मुलाकडून आईकडे येत असला तर चार पावलांवरून. उलटा असला तर खिडकीच्या काचेआडून. भरवणं, न्हाऊ घालणं, तापात कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं बापांकडे. याबद्दल ऋतुजा डुबलला कोणी बोल लावत नसे. निदान तोंडावर तरी नाही. पण औक्षणाची सूचना तिचीच होती.

तिचा थोरला यशोधन पंक्चरचं सोल्युशन हुंगता हुंगता शाळेच्याच भिंतीमागे मरून पडला होता. त्यानंतर शाळा, दवाखाना आणि पालकांची मिळून समिती झाली, आणि समितीने डॉ. मृणाल टिळेकरांना बोलावलं. त्यांची शिसारी-लस तेव्हा नवी होती. पालकसभेत त्यांनी ती सोपी करून सांगितली. आंबलेल्या श्रीखंडाने एकदा उलट्या झाल्या, की माणसाला पुढे श्रीखंडाच्या नुसत्या वासानेही मळमळतं. मेंदू वासाची आणि मळमळीची गाठ मारतो, आणि ती समजावून सुटत नाही. लस हीच गाठ मुद्दाम मारते. टोचल्यापासून तासभर पोट ढवळत राहतं, आणि त्या तासात नाकात जे जाईल त्याची किळस बसते. टिळेकर त्याला शिकवणीचा तास म्हणत. मुलांपुढे त्या वेळी चार बरण्या उघड्या ठेवायच्या: गुटखा, दारू, गांजा, सोल्युशन. नियम एकच. वर्गात बाहेरच्या व्यक्तीला प्रवेश नाही.

"आई काय बाहेरची व्यक्ती असते?" ऋतुजाने मुख्याध्यापकांना विचारलं.

लेकरं आत ओकाऱ्या काढणार आणि आयांनी फाटकाशी उभं राहायचं, हे त्यांनाही पटेना. शिवाय इतक्या चांगल्या कामाला मुलं बसणार ती ओवाळल्याशिवाय? टिळेकर शेजारच्या वर्गात टोचत होत्या. आया तबकं घेऊन आत गेल्या, कुंकू लावलं, आणि कासावीस झालेल्या पोरांना पोटाशी धरून तासभर बसल्या.

लस उत्तम लागू पडली. चार वर्षांत त्या मुलांपैकी एकानेही गुटख्याची पुडी फोडली नाही.

यंदा तपासणीला मिहीर, ऋतुजाचा धाकटा, पहिला आत गेला. ती काचेमागून बघत होती. सोल्युशनच्या बरणीवर त्याने नाक नेलं, आणि मागे घेतलं नाही.

"गोड वास आहे," तो म्हणाला.

टिळेकर बाहेर आल्या. लस ओसरली होती. वाढीव डोस लागणार होता. ऋतुजाने मान डोलावली. या वेळी आपण फाटकाबाहेर थांबू, ती म्हणाली, गावाबाहेर जाऊ.

"त्याने काही होत नाही, ताई. वाढीव डोस नवं शिकवत नाही. जुन्या गाठी आवळतो, पाचही एकदम."

"चार ना?"

"चार बरण्या. आणि तुम्ही."

नव्याने टोचता येणार नाही का, हेही तिने विचारून पाहिलं. मेंदू ही लस एकदाच घेतो, असं उत्तर मिळालं.

"आणि डोस दिलाच नाही तर?"

"तर तो चार मुलांसारखा."

"यशोधनसारखा?"

"किंवा माझ्यासारखा. आम्ही कुठे लस घेतली होती? सांगता येत नाही."

तेवढ्यात मिहीर दार ढकलून बाहेर आला. आईला इतक्या जवळ पाहून सवयीने थबकला. मग त्याने हवा हुंगली, एक पाऊल पुढे टाकलं, पुन्हा हुंगलं, आणि तिच्या पोटात डोकं खुपसलं.

"आई, तू बरी झालीस?"

चार वर्षं तो आईलाच आजारी समजत आला होता. ऋतुजाने त्याच्या केसांवर तोंड टेकलं. केसांना शाळेच्या पटांगणातली धूळ होती, आणि नुकत्याच उघडलेल्या बरणीचा हलका, गोडसर वास. तो तिला ओळखीचा होता. यशोधनच्या उशीला तो यायचा.

"हो," ती म्हणाली. मग त्याच्या डोक्यावरून टिळेकरांकडे पाहत म्हणाली, "द्या."

सुई टोचताना मूल हलायला नको. धरायला कोण बसतंय, असं नर्सने विचारलं. आता नियमाची अडचण नव्हती. ऋतुजाने त्याला मांडीवर घेतलं आणि त्याने स्वतः ढकलेपर्यंत सोडलं नाही.